प्रौढ विद्यार्थ्यांचे लेखनशिक्षण : टपालापासून संगणकापर्यंत

महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याने आपला निबंध संगणकावरून पाठवावा आणि दूरच्या कोणा मार्गदर्शकाने त्यावर लेखी अभिप्राय देऊन तो परत करावा, ही व्यवस्था गेल्या तीस वर्षांत पाश्चात्त्य विद्यापीठांत चांगलीच रूढ झाली आहे. तिचा इतिहास सांगताना बहुधा १९९४ या वर्षापासून प्रारंभ केला जातो. कारण त्या वर्षी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या लेखन-प्रयोगशाळेने आपले साहित्य इंटरनेटवर सर्वांस खुले केले. हा आरंभबिंदू सोयीचा खरा, परंतु दिशाभूल करणारा आहे. नवे होते ते यंत्र. न पाहिलेल्या, दिवसभर कामधंदा करून रात्री लिहावयास बसणाऱ्या माणसाला लेखन कसे शिकवावे हा प्रश्न त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे टपालखात्याच्या आश्रयाने नांदत होता. वस्तुतः ऑनलाइन लेखन-मार्गदर्शनाच्या मागे एक नव्हे, दोन परंपरा आहेत. एक टपालाची, दुसरी समोरासमोरच्या संभाषणाची. या नव्या व्यवस्थेने परिस्थिती पहिलीची स्वीकारली आणि शिष्टाचार दुसरीचे उचलले. तिच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या विजोड सांगडीत आहे.

टपाली परंपरेचा आरंभ ब्रिटनमध्ये १८४० साली झाला. त्या वर्षीच्या जानेवारीत एक पेनीचे टपाल सुरू झाले आणि बाथ येथील आयझॅक पिटमन यांनी त्याचा लाभ घेऊन आपली लघुलेखनपद्धती पत्राने शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून धाडावा, पिटमन यांनी तो तपासून परत करावा, असा तो व्यवहार होता. यात अभिप्रायाचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. लघुलिपीतील रेघ बरोबर असते किंवा चूक. तिच्याविषयी वाद संभवत नाही. निबंधाची गोष्ट निराळी. अ‍ॅना टिकनोर यांनी १८७३ मध्ये बॉस्टन येथे स्त्रियांच्या गृहशिक्षणासाठी जी संस्था काढली, तिच्यात हा फरक प्रथम स्पष्ट दिसतो. संस्थेच्या शिक्षिका विद्यार्थिनींना दरमहा पत्रे लिहीत, ग्रंथ टपालाने पाठवीत, आणि विद्यार्थिनी आपल्या वाचनावरील टिपणे परत धाडीत. १८९७ मध्ये संस्था बंद होईपर्यंत सात हजारांहून अधिक स्त्रियांनी तिचा लाभ घेतला. येथे अभिप्राय म्हणजे खूण किंवा गुण नव्हे; ते एका व्यक्तीने दुसरीस लिहिलेले पत्रच होते.

लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा कोणत्याही महाविद्यालयात न शिकलेल्यांस खुल्या केल्या, आणि त्यामुळे पत्रद्वारा शिकवणीला मोठी बाजारपेठ मिळाली. विल्यम ब्रिग्ज यांनी १८८७ मध्ये स्थापिलेले युनिव्हर्सिटी कॉरस्पॉन्डन्स कॉलेज हे तिचे ठळक उदाहरण. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले एच. जी. वेल्स यांनी तेथे काही काळ जीवशास्त्र शिकविले. या संस्थांनी अनेक शिक्षक, कारकून आणि स्त्रिया यांना पदवीपर्यंत पोचविले, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु त्यांचे लक्ष परीक्षेवर होते. उत्तर नमुन्याबरहुकूम आहे की नाही हे पाहणे हाच तेथील तपासणीचा हेतू.

याच्या उलट टोकाला आर. एच. टॉनी यांचे वर्ग होत. आल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी १९०३ मध्ये सुरू केलेल्या कामगार-शिक्षण चळवळीतून, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने, जानेवारी १९०८ मध्ये लाँग्टन व रॉचडेल या दोन औद्योगिक गावांत आर्थिक इतिहासाचे वर्ग सुरू झाले. तीन वर्षे, दर वर्षी चोवीस सभा, प्रत्येक सभा दोन तासांची. त्यांपैकी एक तास व्याख्यानाचा आणि एक तास चर्चेचा. तीसांहून अधिक विद्यार्थी घ्यावयाचे नाहीत आणि प्रत्येकाने दर पंधरवड्यास एक निबंध लिहावयाचा, अशी अट होती. ही शेवटची अटच सर्वांत जड होती. ज्याचा दिवस मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात किंवा कापडगिरणीत जातो, त्याच्या घरी टेबल नसते, एकांत नसतो, आणि शाळा सुटल्यानंतर त्याने सलग दोन पाने लिहिलेली नसतात. चर्चेत तर्कशुद्ध बोलणारा मनुष्य कागदावर अडखळतो, ही गोष्ट या वर्गांनी विद्यापीठीय मंडळींच्या नजरेस आणली. ज्ञान आणि लेखन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली असूनही दुसरी नसणे शक्य आहे. प्रौढांच्या लेखनशिक्षणातील पुढील सर्व विचार या एका निरीक्षणाभोवती फिरतो, असे म्हणावयास हरकत नाही.

टपाल आणि निबंध यांचा खरा संगम ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात झाला. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये मांडलेली आणि जेनी ली यांनी चिकाटीने तडीस नेलेली ही योजना १९६९ मध्ये सनद मिळून साकार झाली. जानेवारी १९७१ मध्ये चोवीस हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले. प्रवेशास पूर्वीची कोणतीही परीक्षा आवश्यक नव्हती. वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेली असणे मात्र सामान्यतः आवश्यक होते. म्हणजे हे विद्यापीठ मुळातच प्रौढांचे. योगायोग असा की, अध्यापन सुरू होते न होते तोच २० जानेवारीस ब्रिटनमधील टपाल-कामगारांचा संप सुरू झाला आणि तो सुमारे सात आठवडे चालला. टपालावर उभारलेल्या विद्यापीठाला याहून कठीण सलामी मिळणे शक्य नव्हते.

या विद्यापीठाची ख्याती दूरचित्रवाणीवरील पाठांमुळे झाली. पण अध्यापनाचा कणा दुसराच होता. विद्यार्थी स्वाध्याय लिहून आपल्या मार्गदर्शकाकडे पाठवी. मार्गदर्शक समासात टिपणे करी, ‘पीटी-३’ या नावाच्या पत्रकावर सविस्तर अभिप्राय लिही, आणि तपासलेला स्वाध्याय मिल्टन कीन्स येथील मुख्य कार्यालयामार्फत विद्यार्थ्याकडे परत जाई. वाटेत एक महत्त्वाची गोष्ट घडे. तपासलेल्या स्वाध्यायांपैकी काही निवडून, मार्गदर्शकाने गुण कसे दिले आणि अभिप्राय कसा लिहिला, हे अभ्यासक्रमाचे ज्येष्ठ अध्यापक पाहात. म्हणजे अभिप्रायावरही अभिप्राय होता. अर्धवेळ काम करणाऱ्या हजारो मार्गदर्शकांना यातून एक धडा मिळे. समासातील वाक्य हेच येथे शिकविणे आहे. ते दुर्बोध असेल तर शिकविणे झालेलेच नाही, कारण वर्गात उठून शंका विचारण्याची सोय या विद्यार्थ्यास नाही. ‘येथे तर्क तुटतो’ असे लिहिणाऱ्याने तो का तुटतो आणि कसा जोडावा हेही लिहिले पाहिजे. शिक्षकाच्या अंगी ही शिस्त बाणविण्यास पैसा आणि माणसे लागतात. नंतरच्या काळात ती बहुतेक ठिकाणी काटकसरीच्या यादीत प्रथम आली.

दुसरी परंपरा न्यूयॉर्कमधील. १९६९ मध्ये सिटी कॉलेजात झालेल्या विद्यार्थ्यांच्या उठावानंतर न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने १९७० पासून शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकास प्रवेश देण्याचे ठरविले. त्या एका वर्षात नवागतांची संख्या सुमारे पस्तीस हजार झाली. यांत कृष्णवर्णीय होते, प्वेर्तो रिकोतून आलेली कुटुंबे होती, घरी चिनी किंवा इटालियन बोलणारे होते, आणि शाळा सोडून काही वर्षे नोकरी केलेलेही होते. त्यांचे निबंध पाहून कित्येक प्राध्यापकांनी हात टेकले. मिना शॉनेसी यांनी तसे केले नाही. सिटी कॉलेजातील लेखन-कार्यक्रमाच्या प्रमुख या नात्याने त्यांनी प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेले सुमारे चार हजार निबंध अभ्यासले, आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, या लेखकांच्या चुका विस्कळीत नसून नियमबद्ध आहेत. क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्यय न लावणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो. तो आपल्या बोलीचे व्याकरण पाळीत असतो, किंवा अर्धवट उमगलेला प्रमाणभाषेचा नियम नको तेथेही लागू करीत असतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटणार नाही. परंतु निबंध तपासणाऱ्याच्या हातातील लाल पेन्सिलीला हे सांगणे नवे होते. शॉनेसी यांचे १९७८ मध्येच अकाली निधन झाले.

या खुल्या प्रवेशाच्या धामधुमीतच ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रफी यांनी विद्यार्थ्यानेच विद्यार्थ्याच्या लेखनास साहाय्य करण्याची पद्धत रुजविली, आणि १९७० नंतरच्या दशकात अमेरिकन महाविद्यालयांतून लेखनकेंद्रे झपाट्याने वाढली. त्यांचे मुख्य साधन संभाषण हेच होते. मार्गदर्शक व विद्यार्थी शेजारी बसत. विद्यार्थी आपला निबंध मोठ्याने वाची. डेव्हिड बार्थोलोमे यांनी १९८० मध्ये या वाचनातील एक विलक्षण गोष्ट नोंदविली. मोठ्याने वाचताना विद्यार्थी कागदावरील अनेक चुका स्वतःच्या नकळत दुरुस्त करून वाचतो आणि कागदावर तशी चूक आहे हे त्याला दाखवूनही चटकन दिसत नाही. म्हणजे त्याची वाणी जाणते ते त्याची लेखणी जाणत नाही. या प्रकारच्या चुकांवर मोठ्याने वाचन हा उत्तम उपाय ठरला, हे ओघानेच आले. पुढे स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात लेखनकेंद्रांचे तत्त्वज्ञान मांडले. केंद्र म्हणजे चुका दुरुस्त करून देणारे दुकान नव्हे. त्याने सुधारावयाचा तो लेखक, हातातला निबंध नव्हे, असा त्यांचा आशय होता. या भूमिकेतून एक शिष्टाचार जन्मास आला. मार्गदर्शकाने सांगू नये, विचारावे. हातात लेखणी घेऊ नये. उत्तर विद्यार्थ्याच्या तोंडून यावे. हा शिष्टाचार उदात्त होता. मात्र व्याकरणाच्या धास्तीने केंद्रात आलेल्या पस्तीस वर्षांच्या परिचारिकेला ‘तुम्हाला या निबंधात काय सांगावयाचे आहे?’ असे विचारले असता ती कितपत आश्वस्त होत असेल, याचा विचार त्याच्या पुरस्कर्त्यांनी पुरेसा केलेला दिसत नाही.

म्यूरिएल हॅरिस यांनी १९७६ मध्ये उभारलेली पर्ड्यूची लेखन-प्रयोगशाळा याच परंपरेतील. तिने इंटरनेटवर ठेवलेली व्याकरण व लेखनविषयक टिपणे जगभर वाचली गेली. ती वाचणाऱ्यांत मराठी भाषक विद्यार्थीही मोठ्या संख्येने असतील. परंतु टिपण वाचणे आणि मार्गदर्शन मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. ई-मेलने निबंध पाठवून अभिप्राय मिळविण्याची सोय जेव्हा महाविद्यालयांतून होऊ लागली, तेव्हा तिचा खरा गिऱ्हाईक प्रौढ विद्यार्थी ठरला. लेखनकेंद्र दिवसा उघडे असते, तेव्हा हा विद्यार्थी कामावर असतो. संध्याकाळी मुलांचे जेवण, त्यानंतर अभ्यास. म्हणजे निबंध पाठवावयाची वेळ रात्री अकराची. १९९९ मध्ये वॉशिंग्टन येथे ‘स्मार्टथिंकिंग’ नावाची खासगी कंपनी नेमक्या याच गरजेवर उभी राहिली. तिने महाविद्यालयांशी करार करून त्यांच्या विद्यार्थ्यांना अहोरात्र मार्गदर्शन पुरविले. २०११ मध्ये पिअर्सन या प्रकाशनसंस्थेने ती विकत घेतली. मार्गदर्शक आता विद्यार्थ्याच्या महाविद्यालयाचा असेलच असे राहिले नाही. त्याला प्राध्यापकाचा स्वभाव ठाऊक नसे आणि एका निबंधासाठी ठराविकच मिनिटे मिळत.

येथे दोन परंपरांची गाठ पडली. ऑनलाइन मार्गदर्शक बहुधा लेखनकेंद्रांच्या मुशीतून आलेला. ‘सांगू नये, विचारावे’ हा त्याचा संस्कार. त्याने तो कागदावर, म्हणजे पडद्यावर, तसाच आणला. परिणामी समासात प्रश्नांची रांग लागली: ‘येथे तुम्हाला आणखी काही सांगता येईल का?’ ‘हा परिच्छेद आधी आला तर कसे दिसेल?’ समोरासमोर असताना अशा प्रश्नाला स्वर असतो, ओळीवर टेकविलेले बोट असते, उत्तराची वाट पाहणारी नजर असते. म्हणूनच तो प्रश्न नसून सूचना आहे हे कळते. ऑस्टिन यांची १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने आणि १९७५ मधील सर्ल यांचा अप्रत्यक्ष वाक्-क्रियांवरील निबंध यांनी हेच विशद केले आहे. वाक्याचे रूप आणि त्याने साधलेले कार्य यांत अंतर असते, आणि श्रोता ते अंतर प्रसंगाच्या आधाराने ओलांडतो. प्रसंगच काढून घेतला तर ओलांडावयाचे कशाच्या आधारावर? रात्री एकटाच पडद्यासमोर बसलेला विद्यार्थी ‘आणखी काही सांगता येईल का?’ या प्रश्नाला मनातल्या मनात ‘येईल’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देतो आणि पुढे जातो. निबंध आहे तसाच राहतो. कोणाची चूक? विद्यार्थ्याने तर वाक्याचा शब्दशः, म्हणजे एका अर्थी काटेकोर, अर्थ लावला.

ज्याच्या घरी महाविद्यालयाची भाषा बोलली जात नाही, त्याला याची झळ अधिक बसते. सुस्थित घरांतील मुलांना ‘तू हे जरा नीट ठेवशील का?’ ही आज्ञा आहे हे लहानपणापासून ठाऊक असते. जेथे आज्ञा आज्ञेच्याच रूपात दिली जाते, अशा घरांतून आलेल्यास सौम्य प्रश्न हा पर्याय वाटतो. सौजन्य म्हणून योजलेली अप्रत्यक्षता अशा रीतीने एक नवा अडसर बनते, तोही ज्यांच्यासाठी दार उघडले होते त्यांच्याच वाटेत.

बेथ ह्यूएट यांनी २०१० मधील आपल्या ग्रंथात या दोषावर नेमके बोट ठेवले. ऑनलाइन मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. लेखी अभिप्रायाने काय अडते, का अडते, कसे सुधारावे हे उघड सांगावे आणि विद्यार्थ्याला पुढची कृती नेमून द्यावी, असे त्यांचे प्रतिपादन. सरळ सांगणे म्हणजे हुकूमशाही नव्हे, हे सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली, यावरून लेखनकेंद्रांचा संस्कार किती खोल होता ते दिसते. अमेरिकेतील लेखनाध्यापकांच्या परिषदेने मार्च २०१३ मध्ये ऑनलाइन लेखनशिक्षणाची पंधरा तत्त्वे जाहीर केली. त्यांत ते शिक्षण सर्वांना, विशेषतः अपंग व अन्य अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांना, वापरता आले पाहिजे या तत्त्वाला पहिले स्थान दिले गेले. हे सारे वाचीत असता मुक्त विद्यापीठाच्या मार्गदर्शकांची आठवण होते. ह्यूएट यांनी जे नव्याने सिद्ध केले, त्याचा बराचसा भाग तेथील समासात १९७१ पासून घडत होता. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील हे दोन व्यवसाय एकमेकांचे फारसे वाचीत नसत, याखेरीज त्याला दुसरे कारण दिसत नाही.

अलीकडच्या वर्षांत ध्वनी व चित्र यांसह मार्गदर्शन शक्य झाले, आणि २०२० च्या महासाथीत बहुतेक केंद्रांना त्याचा अवलंब करावाच लागला. त्यामुळे हरवलेला स्वर परत मिळाला. मोठ्याने वाचनही परत आले. परंतु त्यासाठी दोघांनी एकाच वेळी मोकळे असावे लागते, आणि प्रौढ विद्यार्थ्याजवळ नेमके हेच नसते. म्हणून लेखी अभिप्रायाचे महत्त्व टिकून आहे. नोव्हेंबर २०२२ नंतर आलेली लेखनयंत्रे मागताक्षणी दुरुस्त केलेला परिच्छेदच हाती देतात. नॉर्थ यांनी १९८४ मध्ये केलेला भेद, लेखक सुधारावयाचा की निबंध, त्यामुळे निकडीचा झाला आहे. आता निबंध सुधारण्यासाठी माणसाची गरज उरलेली नाही.

भारतात आली ती प्रामुख्याने टपाली परंपरा. दिल्ली विद्यापीठाचे पत्रद्वारा अभ्यासक्रम १९६२ मध्ये सुरू झाले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवून १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात, १९८५ मध्ये दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मार्गदर्शकाने तपासावयाचा स्वाध्याय हा प्रकार इंदिरा गांधी विद्यापीठाने त्याच नावानिशी स्वीकारला. लेखनकेंद्रे मात्र उशिरा आली, आणि तीही मुख्यतः इंग्रजी माध्यमाच्या काही विद्यापीठांत.

मराठी अभिप्रायाचे व्याकरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. इंग्रजी मार्गदर्शकापुढे प्रश्न की आज्ञा असा पेच असतो. मराठीत ‘उदाहरण द्यावे’ हे विध्यर्थी रूप सहज उपलब्ध आहे. त्यात ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही, ‘आपण’ही नाही, वयाने मोठ्या असलेल्या विद्यार्थ्याला तरुण मार्गदर्शकाने कसे संबोधावे ही अडचण ते परस्पर मिटविते आणि करावयाची कृतीही स्पष्ट सांगते. हाताशी इतके नेमके साधन असता मराठी समासात प्रत्यक्षात जे आढळते ते बहुधा ‘विस्तार हवा’, ‘मुद्दा अस्पष्ट’, ‘संदर्भ?’ असे असते. कृती सांगणारे क्रियापद नाही. काय करावे हे नाही. ही टिपणे प्रश्नार्थक नसल्यामुळे त्यांचा रोख चुकत नाही, एवढाच त्यांचा गुण. उणीव दिसते, वाट दिसत नाही. संगणकावर तयार अभिप्रायांच्या यादीतून निवड करण्याची सोय झाली की ही टिपणे आहेत तशीच तेथे जाऊन बसतात. त्यांऐवजी ‘दुसऱ्या परिच्छेदातील विधानास आपल्या गावातील एक उदाहरण द्यावे; त्यावाचून हे विधान मान्य का करावे ते वाचकास कळत नाही’ असे लिहावयाचे तर प्रत्येक स्वाध्यायामागे दोन-तीन मिनिटे अधिक लागतात. शंभर स्वाध्यायांच्या गठ्ठ्यास ती चार-पाच तास होतात, आणि तपासणीचे मानधन स्वाध्यायागणिक ठरलेले असते.